पिठातला ठिपका

मोईझभाईंनी माझा चष्मा उजेडाकडे धरला,
पाचशेची नोट पारखावी तसा,
आणि म्हणाले, ताई, पोळ्या करता का?

बोहरी आळीतलं एवढंसं दुकान,
शेजारी सुतळ्या आणि पितळी कड्या टांगलेल्या.
मी कोण, कुठून आले, एक शब्द बोलले नव्हते.
"बिजागरीत कणीक आहे," ते म्हणाले,
"नाकाच्या गादीत हळद.
आणि हे गोल गोल ओरखडे,
हा पदर. सुती ना?"

मी पदर मागे सारला.

डहाणूकर कॉलनीत आमचं पोळीभाजी केंद्र.
रोजच्या साडेचारशे,
अमावस्या असो नाहीतर निवडणूक.
तव्यापुढे वाकलं की काच धुरकटते,
मग पदर.
पीठ उडालं, पदर. फोडणी उडाली, पदर.
अकरा वर्षांत तीनदा नंबर बदलला
आणि दर वेळी मी दोष दिला
बिचाऱ्या डोळ्यांना.

त्यांनी दुकानातल्याच बेसिनवर धुऊन दाखवला.
आधी नुसतं गार पाणी,
"कण वाहून जाऊ द्या,
कोरडं पुसलं तर पीठसुद्धा वाळू होते."
मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
बोटांच्या पेरांनी, बाळाचे कान धुवावेत तसा.
मग पिवळं मऊ फडकं. तेच. दुसरं नाही.
दोन्ही हातांनी काढायचा;
एका हातानं ओढाल तर
एका कानाशी कायमचं भांडण.
काचांवर पालथा ठेवायचा नाही.
तव्याजवळ तर नाहीच, वरचा लेप तडकतो.
मिरचीच्या हातानं डोळे चोळता? चोळता.
आणि शंभर पोळ्या झाल्या की
जरा लांब बघत जा, ताई,
डोळ्यांनाही पाय मोकळे करावेसे वाटतात.

स्क्रू आवळल्याचे दहा रुपये.
धुतल्याचे घेतले नाहीत.

बसमध्ये तिकिटावरचं बारीक अक्षर वाचलं,
उगाच, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परात घेतली
तर पिठात ठिपका नाही.

तीन आठवडे होता.
काळा, मोहरीएवढा.
मी म्हणायची, पोरकिडा आहे,
चाळणी धरता येत नाही का तुला, वर्षाराणी?
ती दोनदा चाळायची. मग तीनदा.
एकदा दोन किलो पीठ तिला
गाईपुढे टाकून यायला लावलं.
पगारातून कापले नाहीत पैसे,
पण कापेन, असं म्हणाले होते,
सगळ्यांदेखत.
औशाहून आलेली बावीस वर्षांची पोर,
भांडत नाही, नुसती चाळत राहते.

तोच ठिपका तिच्या ओढणीवर दिसायचा,
भिंतीवर, दुधाच्या पिशवीवर,
नेहमी डावीकडे, नेहमी जरासा वर.
महिन्याचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारी मी,
मला हा जुळला नाही.

मी चष्मा काढला. दोन्ही हातांनी.
चष्म्याशिवाय वर्षाराणीचं तोंड
म्हणजे एक गव्हाळ गोळा.
त्या गोळ्याला म्हटलं,
ठिपका माझ्या काचेवर होता गं.
गोळा हसला की रडला,
मला काय दिसणार?
त्यासाठीच तर काढला होता.

"मावशी," आवाज आला, "तवा तापलाय."

एवढंच.
आता सिंकवरच्या खिळ्याला पिवळं फडकं असतं,
त्यानं कुणी ओटा पुसला तर खैर नाही.
शंभर झाल्या की मी खिडकीतून
समोरच्या गच्चीवरची काळी टाकी बघते,
तिच्यावर खडूनं कुणीतरी लिहिलेला फोन नंबर,
त्यातले सहा आकडे दिसतात, पुढचे पुसलेत.
वर्षाराणीही येऊन उभी राहते, लाटणं हातात तसंच.
तिला चष्मा नाही.
तरी बघते.